सातेरीच्या घाटावरची मोटार

"देवीक बोललंस ता फेडल्याबिगर खाडी ओलांडू नको हां, नर्मदे. बाकी काय विसारलंस तरी चलात."

हौसाबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्यात उठून बसण्याइतकेही त्राण नव्हते. त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आले, पण सासूचा तो आवाज नर्मदेच्या कानांतून हलला नाही. सकाळी तुळशीला पाणी घालताना तो यायचा, सोमवारचा उपास सोडताना यायचा, आणि पलीकडे निघालेल्या तरीवरून कोणी "येतंस काय गो?" म्हणून विचारले की तर हटकून यायचा. नर्मदा मान हलवायची आणि घरी परतायची. खाडी काही फार रुंद नव्हती. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघायचा. पण वर्षभरात तिने ती एकदाही ओलांडली नव्हती.

नवस काय होता, हे हौसाबाईंखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

नर्मदेचा नवरा सत्यवान कुर्ल्याला मोटारींच्या कारखान्यात होता. पहिली काही वर्षे तो बदली कामगार. भोंगा व्हायच्या आत फाटकाशी जाऊन उभे राहायचे; कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर तसेच माघारी. एकदा त्याला तिथे ताप भरला, होते तेवढे कामही सुटले, आणि तो पार खंगून घरी आला. तेव्हा नर्मदा सातेरीच्या देवळात गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "आये, माझ्या घोवाक कायम कर. तेच्या हातची पयली मोटार तुझ्या दारात आणून उभी करतलंय. तवसर केसात अबोली माळूचंय नाय."

आता कोणी म्हणेल, हा कसला नवस? पण नर्मदा होडी बांधणाऱ्याची लेक. तिचे वडील भिकाजी मेस्त याच गावात, देवळाच्या खालच्या अंगाला, माडांच्या सावलीत होड्या बांधायचे. होडी पुरी झाली की आधी ती सातेरीच्या घाटाला लावायची, तिच्या तोंडाशी नारळ फोडायचा, आणि मगच ती मालकाच्या ताब्यात द्यायची. शेतकरी भाताची पहिली लोंबी देवीला वाहतो, तशी मेस्ताने नवी होडी दाखवायची. नर्मदेने परकर नेसायच्या वयापासून हेच पाहिले होते. बापूस होडी करतो, तसा घोव मोटार करतो. एक माणूस, एक मोटार. महिना-दोन महिने तिच्यावर खपायचे आणि पुरी झाली की ओढून बाहेर काढायची. तिच्या डोळ्यांपुढचे कुर्ला म्हणजे माडाच्या झापांनी शाकारलेला असाच एक भला थोरला मांडव होता, आणि त्यात ओळीने बसून आपापली मोटार तासणारी माणसे.

सातेरीने ऐकले. पुढच्याच वर्षी सत्यवान कायम झाला. घरोघर साखर वाटून नर्मदा परत आली आणि रिकामा डबा फळीवर ठेवताना तिला नवस आठवला. आता मोटार?

नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही. तो शब्दाचा पक्का. ऐकले तर थेट सायबापुढे जाऊन उभा राहील, "माझी पयली मोटार माका देवा" म्हणेल, आणि देवीने दिलेली नोकरी आपल्याच तोंडाने घालवून बसेल. म्हणून ती गप्प राहिली. वर्षे गेली. सत्यवान मोटारी करत असेल, त्या एकेक करून शेठ लोकांच्या दारात जात असतील, आणि त्यांतली पहिली, सातेरीची, मुंबईत कोणीतरी परका माणूस खुशाल फिरवत असेल, या विचाराने ती भरल्या ताटावरून उठायची.

इकडे सत्यवान दर खेपेला विचारायचा, "येतंस कुर्ल्याक?" गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहत होता तेव्हा नुसता विचारायचा. मग चाळीत त्याला स्वतःची खोली मिळाली, तेव्हा विचारून वाट बघायला लागला. नर्मदा कधी म्हशीचे निमित्त सांगे, कधी सासूच्या दुखण्याचे. म्हैस विकली. सासू गेली. निमित्ते संपली.

त्या वर्षी शिमग्याला सत्यवान बोटीने मालवणला उतरला आणि तरीने गावात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तेरेझाने गडग्यावरून मान वर काढली.

"नर्मदे, घोव इलो मां? मगे दारातली अबोली कोणासाठी राखलंस? देवचारासाठी?"

"आसांदे गो."

"आसांदे काय? माझो आंतोन बोटीवरसून घराक येता तेवा मी केसांत बागच घालतंय. तू आपली सोमवार, शनवार, संकष्टी, एकादस. सगळ्या देवांका वार दिलंस. घोवाचो वार खंयचो गो?"

नर्मदा हसली खरी, पण घागर उचलताना तिला ती रोजच्यापेक्षा जड लागली.

दुपारी सत्यवान जेवायला बसला. भात कालवत राहिला, पण घास उचलीना.

"चाळीतलो गंगाराम माझी खोली मागता," तो म्हणाला. "तेची बायल येवची आसा. परत गेल्यार सांगतंय म्हणान तेका सांगून इलंय."

नर्मदेने कढीचा डवला तसाच हातात धरला.

"सरळ सांग नर्मदे. कुर्ल्याक येवचा नाय, की माझ्या वांगडा ऱ्हवाचा नाय? ह्या खेपेक हो तर हो, नाय तर नाय. मी परत इचारूचंय नाय."

आवाज चढवून बोलला असता तर तिने सोसले असते. तो अगदी हळू बोलला, ताटाकडे बघत. तिला एकदम कळले की हा माणूस इतकी वर्षे रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. डवला भांड्यात ठेवून ती भिंतीला टेकली आणि सगळे सांगून टाकले. ताप, देऊळ, पदर, मोटार, अबोली, सासूबाईंचे शेवटचे शब्द. सांगताना तिने डोळे वर केले नाहीत.

सत्यवानाने ताट बाजूला सारले. मग सत्यवान म्हणाला, "माझ्या हातची पयली मोटार?"

"होय."

"नर्मदे, मी आजून एकव मोटार केलंय नाय."

तिने आता वर पाहिले. "मगे इतकी वर्सां थय करतास काय?"

सत्यवानाने हात धुतले आणि तो पडवीत येऊन बसला. कुर्ल्याबद्दल तो कधी फार बोललाच नव्हता. बोलला तो फक्त पाणी कधी येते आणि मासे कसे मिळतात एवढेच. आज बोलायला लागला.

"थय कोणूच मोटार करणा नाय," तो म्हणाला.

या टोकाला नुसता लोखंडी सांगाडा येतो. तो रुळावरून पुढे सरकत राहतो आणि दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात. चाके लावणारा जन्मभर चाकेच लावतो. काच बसवणारा काच. एक कसालचा माणूस आहे, तो डाव्या अंगाचे चार नट आवळतो आणि सोडून देतो. उजव्या अंगाला कोण आहे, हे त्याला जेवणाच्या सुटीत कळते. रंगखात्यातली माणसे तोंडाला फडके बांधून असतात, तरी निळ्या गाड्या असल्या की त्यांना शिंकही निळी येते. आवाज एवढा की शेजाऱ्याशी बोलायचे तर खुणा. शेवटच्या टोकाला मोटार बाहेर पडते, आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नसते, कारण मागची आलेली असते. बाहेर मैदानात नव्या कोऱ्या मोटारी धूळ खात रांगेने उभ्या. संध्याकाळी भोंगा झाला की फाटकातून माणसांचा लोंढा सुटतो आणि त्या रांगांच्या कडेने चालत घरी जातो.

"आमच्या चाळीत सगळेच मोटारवाले," सत्यवान म्हणाला. "सावंतवाडीचे, दोडामार्गाचे. पण मोटारीत बसलेलो एकव नाय."

"आणि तुमी?"

"मी हात फिरवतंय."

तिला वाटले, थट्टा. पण त्याने दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. मोटारीच्या तोंडावरचा मोठा पत्रा, बॉनेट म्हणतात त्याला, रंगाला जायच्या आधी सत्यवानापुढे येतो. तो डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवतो. डोळ्याला न दिसणारा खळगा, उंचवटा हाताला लागतो. लाकडी हातोडीने तिथे हलके ठोकायचे, पुन्हा हात फिरवायचा, आणि पुढे सोडायचे. दिवसभर तेच.

नर्मदा त्या तळव्यांकडे बघत राहिली. तिचा बापूस होडीच्या फळीवरून हात फिरवायचा तो असाच, डोळे मिटून.

सत्यवानाचा चेहरा एव्हाना मोकळा झाला होता. "म्हणजे तू माका टाळी नाय होतंस," तो म्हणाला, आणि स्वतःशीच हसला. "अगो, मगे नवस लागूच खंय होता? हातची पयली मोटार झालीच नाय, तर देवी मागतली काय? भर ट्रंक."

नर्मदेच्या अंगावरचे ओझे निम्मे उतरले. देवीची मोटार कोणी परका फिरवत नव्हता. तशी मोटारच नव्हती. पण उरलेले निम्मे हलेना.

"तसा नाय वो," ती हळूच म्हणाली. "देवीकडे वकिली चलाची नाय. माझ्या मनात काय होता ता तिका म्हायत आसा. मी तिका फसवून खाडी ओलांडूचंय नाय."

सत्यवानाने तिला ओळखले होते. वाद घातला नाही. "चल," म्हणाला, "तुझ्या बापाशीक इचारूया."

भिकाजी मेस्त पालथ्या घातलेल्या होडीच्या फटींत काथ्या ठोकत बसले होते. खोकल्याने आता हात थरथरायचा, पण काम सुटले नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, ठोकणे न थांबवता.

"आणि मी होडी करतंय म्हणान तुका कोणी सांगल्यान गो बाय?" ते म्हणाले. "झाड वरच्या वाडीतला. कापलो तो दुसऱ्यान. खिळे मालवणच्या लोहाराचे. हो काथ्यो तेरेझान वळल्यान. शीड आणि कोणाचा. माझो आपलो हात फिरता. तरी घाटार नारळ फोडताना धोंडू गावकार नाव माझाच घेता. देवीक ह्या सगळा कळणा नाय, असा तुका वाटता?"

नर्मदेने होडीच्या फळीवरून हात फिरवला.

"ज्या मोटारीवरसून जावयाचो हात फिरता ती तेची. आणि कुर्ल्याची मोटार पैलतडीक उभीच आसा की. प्लासिदाची टॅक्सी."

प्लासिद म्हणजे तेरेझाचा भाऊ. त्याने गेल्या वर्षी टॅक्सी घेतली होती, याच कारखान्यातली, आणि तो कसालपर्यंत उतारू नेत-आणत असे. पलीकडच्या काठाला रस्ता संपतो तिथे, वडाखाली, ती उभी असायची.

"पण पयली?" नर्मदा म्हणाली. "मी पयली बोललंय."

"ह्या गावात आजपावत मोटार येवक नाय. जी येतली ती पयलीच."

सत्यवान खाडीकडे बघत होता. "पण येतली कशी?"

भिकाजींनी हातातली हातोडी खाली ठेवली. कित्येक दिवसांनी नर्मदेला त्यांच्या चेहऱ्यावर ते जुने मिष्कील हसू दिसले. "दोन मोठ्यो होड्यो. वर फळयो. ता माझ्यार सोड. तुमी प्लासिदाक बघा."

प्लासिदाला बघितले ते तेरेझाने.

"खाऱ्या पाण्यार माझी गाडी?" प्लासिद ओरडला. "तुमका याड लागला?"

"गेल्या पावसात चिखलात रुतली तेवा ह्याच मेस्तान वाडी जमवून ओढून काढल्यान," तेरेझा म्हणाली. "तेवा बरो गोड गोड बोलत होतंस. आता खारा पाणी आठावला?"

प्लासिदाने डोके खाजवले. "बरां. पण स्टेरिंगार मी बसतलंय. आणि देवीक नारळ, मगे माझ्या खुरसाक मेणवात कोण लायतलो?"

"आदी गाडी तर येवंदे," तेरेझा म्हणाली, आणि घाटाजवळच्या खुरसाचे, म्हणजे क्रुसाचे, आणि त्याच्या मेणबत्तीचे बोलणे तिथेच राहिले.

भरती दुपारच्या आधी पुरी यायची होती. सकाळपासून भिकाजी आणि सत्यवान पलीकडच्या काठावर होते. दोन थोरल्या होड्या शेजारी शेजारी, आडवे वासे, त्यांवर फळ्या, आणि सगळे काथ्याच्या दोरांनी करकचून आवळलेले. अलीकडे घाटावर सगळा गाव लोटला होता. नर्मदा सगळ्यांत खालच्या पायरीवर उभी होती, पाण्याला पाय न लावता. पलीकडे काय चालले आहे ते तिला चित्रासारखे दिसत होते. काळी मोटार फळ्यांवर चढली, वासे कुरकुरले, आणि वल्ही पाण्यात पडली.

निम्म्या खाडीत येईपर्यंत सगळे नीट होते. मग भरतीच्या ओढीने एका होडीला जरा बाजूला लोटले, एक दोर सैल पडला, आणि फळ्या एका अंगाला कलल्या. मोटार हातभर घसरली. तिच्या पुढे सत्यवान उभा होता. त्याने दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले आणि पाय रोवून तो तिला रेटून उभा राहिला. मागे खाडी. आत प्लासिदाने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली.



नर्मदेला मोटार दिसत नव्हती. तिला ते दोन हात दिसत होते. तिने देवळाकडे पाहिले. मग काठावरच्या पांढऱ्या खुरसाकडे नजर गेली, कशी गेली ते तिला कळले नाही. मनात म्हणाली, 'मेणवात मी लायतंय. तेका फक्त काठार येवंदे.'

"डावी वल्ही थांबवा! दोर ओढा, मेल्यांनो, दोर!" भिकाजींचा आवाज पाण्यावरून आला. त्यात खोकला नावाला नव्हता. दोर आवळला. फळ्या हळूहळू समतोल झाल्या. आणि सातेरीच्या घाटाला, भिकाजींच्या कितीतरी होड्या लागल्या होत्या त्याच जागी, मोटार येऊन लागली.

ती पायऱ्यांशेजारच्या उतारावरून वर आली तेव्हा पोरांनी आधी पळ काढला आणि मग दुप्पट वेगाने परत आली. मोटार देवळाच्या दारासमोर उभी राहिली. देवळाचे मानकरी धोंडू गावकर नारळ घेऊन पुढे झाले. गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने देवीला साकडे, घालायला उभे राहिले खरे, पण मोटारीसाठी काय म्हणावे, हे त्यांना कधी कोणी शिकवले नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

"बा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव ओरडला.

"आज तुझ्या दारात कुर्ल्याची मोटार उभी आसा. तुझ्या लेकीन बोललेला ता तिना आज पावता केला. ही मोटार एका हाताची नाय, म्हाराजा. कोणी चाकां लायली, कोणी काच, कोणी रंग. हय आणली ती होडयेन, होडयेवालो आमचो, गाडीवालो खुरसाचो. जे जे हात हिका लागले, हयचे आणि थयचे, ते सगळे हात धड ऱ्हवांदेत. भोंगो झाल्यार जो जो आत जाता तो तो सांजेक धडपणी भायर येवंदे!"

"होय म्हाराजा!"

नर्मदेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागले आणि तिने ते पुसले नाही. आपण एकट्या माणसासाठी मागितले होते. गावकरांनी अख्ख्या फाटकासाठी मागून टाकले.

नारळ फुटला. तिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिले. सत्यवान नकळत डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवत होता. एका जागी थांबला.

"हय इल्लोसो उंचवटो आसा. माझ्या हाताखालसून असो सुटूचो नाय."

"रे बाबा, थय माडावरसून नारळ पडलो," प्लासिद म्हणाला. "तुझ्या कारखान्याचो दोष नाय तो, माझ्या नशिबाचो!"

हसे पिकले. धोंडू गावकरांनी देवीच्या अंगावरचा अबोलीचा गजरा काढून नर्मदेच्या ओंजळीत ठेवला. ती नुसती बघत राहिली, तेव्हा तेरेझाने तो ओढून घेतला आणि तिच्या अंबाड्यात खोवला.

"आज खंयचो वार गो नर्मदे?"

नर्मदेने पदर सारखा केला. "घोवाचो," ती म्हणाली, इतक्या हळू की तेरेझाला ते सगळ्यांना मोठ्याने सांगावे लागले.

बोटीच्या दिवशी नर्मदा नेहमीसारखी पहाटेच उठली. ट्रंक पडवीत बांधून ठेवली होती. त्यात दोन लुगडी, तुळशीची माती आणि सासूबाईंची जपमाळ. आज ती खाडी ओलांडणार होती, आणि कानातला आवाज शांत होता. सत्यवान तळवा गालाखाली घेऊन अजून झोपलेला. मेणबत्तीचे कोणाच्याच ध्यानात राहिले नव्हते. तेरेझाच्याही नाही, प्लासिदाच्याही नाही.

तिने तुळशीला पाणी घातले. मग फळीवरची, वादळवाऱ्यासाठी राखलेली मेणबत्ती आणि काड्यांची पेटी पदराआड घेतली, दार आवाज न करता ओढून घेतले, आणि माडांखालच्या वाटेने खुरसाकडे चालू लागली.